पेशीय विकृतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण

पेशीय विकृतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे रोगामुळे पेशी व ऊतींमध्ये होणारे बदल ओळखून त्यांवरून रोगनिदान करण्याचे, एम.बी.बी.एस. पदवीनंतर दिले जाणारे प्रशिक्षण होय. भारतात हा स्वतंत्र अभ्यासक्रम नाही. तीन वर्षांच्या एम.डी. (विकृतिशास्त्र) या पदवीचा तो सर्वांत मोठा भाग आहे. त्यात शस्त्रक्रियेने काढलेल्या ऊतींची तपासणी आणि सुटसुट्या पेशींची तपासणी यांचा समावेश होतो. पहिलीला व्यवहारात हिस्टोपॅथॉलॉजी, तर दुसरीला सायटोलॉजी म्हणतात. ब्रिटनमध्ये या दोन्हींना मिळून सेल्युलर पॅथॉलॉजी हे नाव रूढ आहे.

गाठ कर्करोगाची आहे की नाही, असल्यास कोणत्या प्रकारची आणि कितपत पसरलेली, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा विकृतिशास्त्रज्ञाच्या अहवालातून मिळतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांचे निर्णय त्या अहवालावर अवलंबून असतात. रुग्णाची आणि विकृतिशास्त्रज्ञाची मात्र सहसा भेट होत नाही.

महाराष्ट्रात हे शिक्षण शासकीय, महापालिका व खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि अभिमत विद्यापीठांत उपलब्ध आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे त्याचे सर्वांत जुने केंद्र आहे.

पार्श्वभूमी

रोगाचे मूळ शरीरातील द्रवांच्या असंतुलनात नसून पेशींमधील बदलांत असते, हा विचार जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो (१८२१–१९०२) यांनी १८५८ मध्ये बर्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांतून पद्धतशीरपणे मांडला. त्याच वर्षी ही व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे त्या मांडणीचे मुख्य सूत्र होते. त्यामुळे कर्करोग हा बाहेरून शरीरात शिरलेला पदार्थ नसून शरीराच्याच पेशींची बिघडलेली वाढ आहे, असे समजून घेणे शक्य झाले.

महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकशिक्षणाची सुरुवात मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापासून (१८४५) झाली. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले.

या शाखेला भारतात संशोधनाची बैठक मिळवून देण्यात डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचा मोठा वाटा आहे. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. झाल्यावर त्यांनी मुंबईतील ग्रँट आणि सेठ गो. सुं. या महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात ते प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक झाले. कर्करोग आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध तपासणे हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते. १९४५ मध्ये खानोलकर व सूर्याबाई यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात ‘धोतर कर्करोगा’चे वर्णन आहे. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या वस्त्राचा काच बसून त्या जागच्या त्वचेत हा कर्करोग होतो. पुढे अशाच स्वरूपाचा कर्करोग साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही नोंदवला गेला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

मराठवाड्यातील केंद्रे

छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. ते मराठवाड्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय. त्याचे रुग्णालय संपूर्ण मराठवाड्यात ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते. मराठवाड्याच्या जिल्ह्यांबरोबरच बुलढाणा, जळगाव आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतूनही येथे रुग्ण येतात. शहराच्या उत्तर टोकाला असलेल्या हर्सूलवरून जाणारा जळगाव रस्ता फुलंब्री आणि सिल्लोड तालुक्यांना घाटीशी जोडतो. शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये शहरातील आमखास मैदानाजवळ सुरू झाले. ते याच महाविद्यालयाशी जोडलेले असून त्याला पुढे राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. शहरात महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ते त्याच संस्थेच्या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे.

पूर्वी वैद्यकीय महाविद्यालये आपापल्या विभागातील विद्यापीठांशी संलग्न होती. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर राज्यातील शासकीय व बहुतेक खासगी महाविद्यालयांच्या पदव्युत्तर परीक्षा या विद्यापीठाकडे आल्या. अभिमत विद्यापीठे आपल्या परीक्षा स्वतः घेतात.

प्रवेश आणि पदव्या

एम.बी.बी.एस., एक वर्षाची आंतरवासिता आणि वैद्यक परिषदेकडील नोंदणी पूर्ण केलेल्या डॉक्टरांना नीट-पीजी या राष्ट्रीय परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या निम्म्या जागा राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून भरल्या जातात. शिक्षणाचे नियमन राष्ट्रीय वैद्यक आयोग करतो. २०२० मध्ये या आयोगाने भारतीय वैद्यक परिषदेची जागा घेतली.

मुख्य पदव्या पुढीलप्रमाणे आहेत :

एम.डी. (विकृतिशास्त्र) – तीन वर्षांची पदवी. शोधप्रबंध अनिवार्य.

डी.एन.बी. (विकृतिशास्त्र) – राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तीन वर्षांची पदवी. वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या, परंतु मान्यताप्राप्त अशा मोठ्या रुग्णालयांतही ती करता येते.

डी.सी.पी. – चिकित्सालयीन विकृतिशास्त्रातील दोन वर्षांची पदविका. अलीकडच्या वर्षांत पदविकेच्या अनेक जागांचे पदवीच्या जागांत रूपांतर झाले आहे.

डी.एम. – एम.डी.नंतरची तीन वर्षांची अतिविशेष पदवी. कर्करोग विकृतिशास्त्र आणि रक्तविकृतिशास्त्र हे त्यातील दोन विषय आहेत.

वैद्यकीय पदवी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा तंत्रज्ञानातील पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. ऊतींचे काप काढणे, रंजन करणे आणि यंत्रणा सांभाळणे ही कामे हे तंत्रज्ञ करतात. निदानाच्या अहवालावर सही करण्याचा अधिकार त्यांना नसतो. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाचीच प्रतिस्वाक्षरी असावी, ही वैद्यक परिषदेची भूमिका ग्राह्य धरली.

प्रशिक्षणाचे स्वरूप

विद्यार्थी या काळात निवासी डॉक्टर म्हणून काम करतो. वर्षानुसार त्यांना जेआर-१, जेआर-२ आणि जेआर-३ म्हणतात. ऊतिविकृतिशास्त्र, पेशीपरीक्षा, रक्तविकृतिशास्त्र, चिकित्सालयीन विकृतिशास्त्र, रक्तपेढी आणि शवविच्छेदन या विभागांत त्यांच्या आळीपाळीने नेमणुका होतात. २०२१ च्या तुकडीपासून तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम अनिवार्य झाला आहे. त्यामुळे विद्यार्थ्याला जिल्हा पातळीवरील रुग्णालयात, मर्यादित साधनांत काम करावे लागते.

पहिल्या वर्षाचा बराचसा वेळ सूक्ष्मदर्शकाऐवजी ‘ग्रॉसिंग’च्या टेबलाजवळ जातो. शस्त्रक्रियागृहातून आलेला अवयव मोजणे, त्याचे वजन करणे, दिशा ओळखणे, कडांना शाई लावणे, काप घेणे आणि तपासणीसाठी नेमके तुकडे निवडणे या कामाला ग्रॉसिंग म्हणतात. जो भाग टेबलावर निवडला गेला नाही, तो सूक्ष्मदर्शकाखाली कधीच दिसत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमान १२ लसिका ग्रंथी तपासाव्यात, असा संकेत आहे. त्या चरबीत हाताने चाचपून शोधाव्या लागतात. त्या कमी सापडल्या, तर रोग प्रत्यक्षापेक्षा कमी पसरलेला असल्याचा समज होऊ शकतो.

त्यानंतर तुकडे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून आणि झायलिनमधून नेऊन पॅराफिन मेणात बसवले जातात. मायक्रोटोम यंत्रावर त्यांचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. हे काप हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंजकांनी रंगवले जातात. पहिल्याने पेशीचे केंद्रक निळसर, तर दुसऱ्याने पेशीद्रव्य गुलाबी दिसते. एका विशिष्ट वृक्षाच्या लाकडापासून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे आणि आजही जगभरातील बहुतांश निदाने याच रंजनावर होतात. क्षयरोगाच्या जंतूंसाठी झील-नील्सन, कुष्ठरोगाच्या जंतूंसाठी फाइट-फराको आणि बुरशीसाठी पी.ए.एस. अशी विशेष रंजनेही विद्यार्थ्याला स्वतः करता यावी लागतात.

शस्त्रक्रिया सुरू असतानाच उत्तर हवे असेल, तर ‘फ्रोझन सेक्शन’ करतात. ऊती क्रायोस्टॅट यंत्रात शून्याखाली सुमारे २० अंश सेल्सियसला गोठवून तिचे काप काढले जातात आणि सुमारे २० मिनिटांत शल्यविशारदाला मत कळवले जाते. गोठवलेल्या ऊतीतील बारकावे मेणातील कापाइतके स्पष्ट नसतात. त्यामुळे कोणत्या प्रसंगी ठाम मत द्यावे आणि कोणत्या प्रसंगी कायम कापाची वाट पाहण्यास सांगावे, हा निर्णय या प्रशिक्षणातील अवघड भागांपैकी एक आहे.

सूक्ष्मदर्शकाखालील वाचन प्रामुख्याने बहुशीर्ष सूक्ष्मदर्शकाभोवती शिकवले जाते. एकच काचपट्टी अध्यापक आणि विद्यार्थी एकाच वेळी पाहतात. निवासी डॉक्टर आधी स्वतःचा कच्चा अहवाल लिहितो. अध्यापक तो तपासून दुरुस्त करतात आणि अंतिम सही त्यांचीच असते. स्वतःचा अंदाज आणि अंतिम निदान यांतील फरक रोज पाहणे, हीच येथील मुख्य अध्यापनपद्धती आहे.

नमुन्याचा प्रवास आणि निदानाची अचूकता

निदानाची गुणवत्ता नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरलेली असते. शरीराबाहेर काढलेली ऊती लगेच कुजू लागते. हे थांबवण्यासाठी ती १० टक्के उदासीन फॉर्मलिनमध्ये ठेवतात. फॉर्मलिनचे प्रमाण ऊतीच्या सुमारे दहापट असावे लागते. नमुना चुकून सलाइनमध्ये पाठवला गेला किंवा लहान तोंडाच्या बाटलीत कोंबला गेला, तर पेशींची रचना बिघडते आणि नंतर ती सुधारता येत नाही. बाटलीवर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक किंवा अवयवाची बाजू चुकीची लिहिली गेल्यास काचपट्टीचे अचूक वाचनही निरुपयोगी ठरते.

स्तनाच्या कर्करोगात याचा परिणाम विशेष स्पष्ट दिसतो. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या ग्राहकांची चाचणी प्रतिपिंडांच्या साहाय्याने केली जाते. या चाचणीसाठी ऊती एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये जावी आणि ती ६ ते ७२ तास त्यात राहावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. ही मर्यादा पाळली गेली नाही, तर ग्राहक असूनही ते नसल्याचा अहवाल येऊ शकतो. अशा वेळी संप्रेरकविरोधी औषधांचा लाभ होऊ शकणारी स्त्री त्या औषधांपासून वंचित राहते. तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या शस्त्रक्रियेचा नमुना शहरातील प्रयोगशाळेत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून हा मुद्दा ग्रामीण भागासाठी अधिक महत्त्वाचा आहे. नमुना कसा पाठवावा, हे शस्त्रक्रिया व स्त्रीरोग विभागांतील सहकाऱ्यांना समजावून सांगणे हाही विकृतिशास्त्राच्या निवासी डॉक्टरच्या कामाचा भाग मानला जातो.

प्रादेशिक रोगचित्र

महाराष्ट्रात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर येणारे रोग परदेशी पाठ्यपुस्तकांतील क्रमाने येत नाहीत. तंबाखू, गुटखा व सुपारीच्या सेवनामुळे तोंडाच्या कर्करोगाचे नमुने येथे मोठ्या संख्येने तपासावे लागतात. तोंडाच्या आतील अस्तराखाली तंतुमय ऊती वाढून तोंड उघडेनासे होते, अशी कर्करोगपूर्व अवस्थाही वारंवार आढळते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घालण्यात आली.

तोंडाच्या कर्करोगाच्या अहवालात गाठीच्या रुंदीइतकीच तिची खोली महत्त्वाची असते. २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर खोलीच्या मर्यादांवरून गाठीची पायरी बदलते. टाटा स्मारक रुग्णालयातील एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडाच्या प्रारंभिक कर्करोगात मानेतील लसिका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्यास तीन वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्के, तर रोग मानेत दिसल्यावर त्या काढल्यास ६७.५ टक्के राहते, असे त्यात आढळले. मानेच्या शस्त्रक्रियेचा विचार करताना गाठीची खोली लक्षात घेतली जाते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या एक-दोन मिलिमीटरच्या फरकाला रुग्णाच्या दृष्टीने मोठा अर्थ असतो.

मानेतील गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशींत क्षयरोगाची लक्षणे आढळणे हा रोजचा अनुभव आहे. विदर्भ आणि नंदुरबार परिसरातील आदिवासी भागांत दात्रपेशी रक्तक्षय महत्त्वाचा ठरतो. २०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर मराठवाड्यासह राज्यभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. नाकातील व जबड्यातील मृत ऊतींत रुंद, जवळजवळ काटकोनात फुटणारे बुरशीचे तंतू शोधून तातडीने अहवाल देण्याचे काम त्या काळात निवासी डॉक्टरांवर आले.

पेशीपरीक्षा आणि मराठवाड्यातील अभ्यास

गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून त्यांतील कर्करोगपूर्व बदल शोधण्याची पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावावरून पॅप चाचणी म्हणून ओळखली जाते. पाश्चात्त्य देशांत तिच्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले. ग्रामीण भारतात ती कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात तपासला गेला.

बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हा अभ्यास १९९९ मध्ये सुरू केला. त्यात गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश करण्यात आला. विषाणू चाचणी, पॅप चाचणी, आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी आणि नेहमीची व्यवस्था असे चार गट होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या विषाणू चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. अन्य दोन पद्धतींच्या गटांत मृत्यूंमध्ये तशी लक्षणीय घट दिसली नाही. चौथ्या गटातील स्त्रियांची तपासणी न केल्यावरून या अभ्यासावर नैतिक स्वरूपाची टीकाही झाली.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या अभ्यासातून पेशीपरीक्षेच्या मर्यादा स्पष्ट होतात. नमुना घेणारा हात, वाचणारी प्रशिक्षित नजर आणि ठरावीक काळाने पुन्हा होणारी तपासणी यांवर पॅप चाचणीचे यश अवलंबून असते. विषाणू चाचणीमुळे पेशीपरीक्षेची गरज संपत नाही, परंतु तिचे स्थान बदलते.

शोधप्रबंध आणि परीक्षा

प्रत्येक विद्यार्थ्याला नैतिकता समितीच्या मंजुरीने एका विषयावर शोधप्रबंध लिहावा लागतो. परीक्षेपूर्वी तो सादर करून मान्य होणे आवश्यक असते. संशोधनपद्धती आणि वैद्यकीय नीतिमत्ता यांचे अभ्यासक्रमही पूर्ण करावे लागतात.

अंतिम परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांच्या चार लेखी प्रश्नपत्रिका असतात. त्यांत सामान्य विकृतिशास्त्र, अवयवनिहाय विकृतिशास्त्र, रक्तविकृतिशास्त्र, पेशीपरीक्षा आणि नवे शोध हे विषय येतात. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला ऊती, पेशी व रक्ताच्या काचपट्ट्या वाचून निदान द्यावे लागते. अवयवाचे ग्रॉसिंग, रंजन आणि शवविच्छेदनाचे विश्लेषण यांचीही परीक्षा होते. शेवटी तोंडी परीक्षा असते. रॉबिन्स, रोझाई व ॲकरमन यांच्या नावांनी ओळखले जाणारे ग्रंथ आणि जागतिक आरोग्य संघटनेची गाठींच्या वर्गीकरणाची पुस्तकमाला हे प्रमुख वाचनसाहित्य आहे.

भाषा

संपूर्ण शिक्षण आणि अहवाल इंग्रजीत असतात. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विकृतिशास्त्राचा मराठी परिभाषा कोश तयार केला आहे. तरीही प्रयोगशाळेतील बोलण्यात ब्लॉक, स्लाइड, ग्रॉसिंग आणि बायोप्सी हेच शब्द रूढ आहेत. अहवाल हातात पडलेल्या रुग्णाला त्याचा अर्थ उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून समजून घ्यावा लागतो.

बदलते स्वरूप

काचपट्टीचे संपूर्ण अंकीय चित्र घेऊन ते संगणकावर पाहण्याची पद्धत मोठ्या केंद्रांत रुजत आहे. तिच्यामुळे लहान शहरातील विकृतिशास्त्रज्ञाला दूरच्या तज्ज्ञाचे मत काचपट्टी न पाठवता घेता येते. जनुकीय चाचण्यांमुळे एकाच नावाच्या कर्करोगाचे अनेक उपप्रकार ओळखले जाऊ लागले आहेत. पेशी मोजणे किंवा संशयास्पद भाग दाखवणे अशा कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला आहे. मात्र वेळेत फॉर्मलिनमध्ये ठेवलेला, योग्य नाव लिहिलेला आणि नीट काप घेतलेला नमुना ही या सर्व तंत्रांचीही पूर्वअट आहे.

हे सुद्धा पहा

विकृतिशास्त्र
वसंत रामजी खानोलकर
टाटा स्मारक रुग्णालय
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर
हर्सूल